जिवाणी ज्या ओढ्याची

मित्रांनो, गाळणं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी उभी राहते. दांडीची, जाळीची, भुकटीनं काळी पडलेली. ती वेगळी. मी पाणी गाळायचा एक जुना कपडा आहे. जाड, सुती, पांढरा, आणि दुहेरी घातला तरी घागरीच्या तोंडावर ऐसपैस बसेल एवढा. सांगलीच्या भागातल्या जैन घरांत मला नुसतं गाळणं म्हणतात. जुना म्हणजे दहा-बारा वर्षांचा. माणसाचं हे खेळायचं वय. पण रोज भिजून रोज वाळणाऱ्या कपड्याचे या वयात केस पिकतात.

मागावर विणला गेलो तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते कराडच्या पेठेतलं दुकान. तिथं मी एका ठाणात गुंडाळून पडलो होतो. एके दिवशी एक बाई आल्या, ठाणाचं टोक उचलून थेट दुकानाबाहेर गेल्या आणि त्यांनी ते सूर्यासमोर धरलं.

"आवं बाई, कापड घेताय का पळवताय?" दुकानदार ओरडला.

"थांबा हो. दुहेरी करून बघते. ह्यातनं ऊन डोकावलं तर ह्यो कपडा गाळण्याच्या कामाचा न्हाई."

माझ्यातून ऊन डोकावलं नाही. कात्री चालली आणि मी त्यांचा झालो. त्यांचं नाव चंपाबाई. खरं तर त्या कराडला आल्या होत्या कीर्तन ऐकायला; मी वाटेत सापडलो. कीर्तन म्हटलं की चंपाबाईंना राहवत नाही. त्यांच्या देवळातलं प्रवचन असो की दत्ताच्या देवळातलं कीर्तन, त्या पहिल्या रांगेत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "कानाला काय जात आस्ती व्हय? गोड ते ऐकावं."

मित्रांनो, माझं काम सोपं वाटतं, पण अर्ध्याहून अधिक लोक ते अर्धंच करतात. पाणी माझ्यातून ओतलं की ते स्वच्छ होऊन खाली उतरतं. मग माझ्यावर राहतं काय? डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. त्यांना जमिनीवर झटकून टाकायचं नाही. मला उलटं करून एका छोट्या भांड्यावर धरायचं, वरून थोडं गाळलेलं पाणी सोडायचं, आणि जे खाली येईल ते ज्या विहिरीचं त्या विहिरीत, ज्या नदीचं त्या नदीत अलगद नेऊन सोडायचं. वरून ओतायचंही नाही. भांडं पाण्याला टेकवून कलतं करायचं. या परतीच्या पाण्याला जिवाणी म्हणतात. पाणी गाळणं हे माझं अर्धं काम. जिवाणी पोचली की ते पुरं होतं.

चंपाबाईंनी हे काम कधी अर्धं सोडलं नाही. गावात कीर्तनाचा सप्ताह लागला की मंडपातल्या माठांची जबाबदारी त्यांची. वाईचे विष्णुपंत कीर्तन करायला यायचे. पूर्वरंग संपला, गळ्यात हार पडला, की उत्तररंगाला उभं राहण्याआधी त्यांना कोमट पाणी लागायचं. ते पाणी माझ्यातून गाळलेलं. एकदा भर कीर्तनात ते म्हणाले, "श्रोतेहो, आज जो काही गोड लागला असेल तो गळा माझा नव्हे, चंपाबाईंच्या पाण्याचा!" मंडप हसला. कपड्याला छाती नसते, पण त्या दिवशी मी ओला असूनही दोरीवर ताठ उभा होतो.

मग वाईट दिवस आले. चंपाबाईंचा मुलगा आर्जव शेतीचं शिक्षण घेऊन परदेशी गेला. समुद्रापलीकडच्या पेरू देशात, द्राक्षांच्या एका मळ्यावर. सुट्टीत आला तेव्हा त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. त्यात निळा दिवा लागतो. मी फडताळात गेलो, आणि पुढे लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधला गेलो. मोहरीच्या वासात माझे दिवस जाऊ लागले. बरणीवरून मला एकच दिसायचं: चंपाबाई यंत्रातून पाणी घेताना क्षणभर थांबायच्या, आणि हातात परत नेऊन सोडायला काहीच नाही म्हणून तशाच उभ्या राहायच्या.

एके दिवशी आर्जवनं फोनवर एक चित्र पाठवलं. पांढऱ्या माथ्याचा एक उंच डोंगर. आंदीज नावाच्या लांबच लांब पर्वतरांगेतला. खाली त्यानं लिहिलं होतं, की इथं वाटाड्याला सोबत घेऊन एका दिवसात चढून उतरता येतं. चंपाबाईंनी ते चित्र दिवसभर उघडून उघडून पाहिलं आणि तिन्हीसांजेला मुलाला फोन लावला.

"मला चढायचाय त्यो डोंगर."

"आई, ते काही आपल्या गावाजवळचं दंडोबाचं टेकाड नाही. तिथं नुसतं उभं राहिलं तरी धाप लागते."

"मग धाप लागू दे की. ऐक आर्जव, आजवर जितके डोंगर चढले ते समदे नवसाचे. तुझ्या परीक्षेचा, तुझ्या बाबांच्या आजारपणाचा. ह्यो माझ्या नवसाचा न्हाई, माझ्या हौसेचा हाय. एक तरी चढू दे."

त्यानंतर वर्षभर चंपाबाई रोज सकाळी दंडोबाला जाऊ लागल्या. पायांत लाल बूट, अंगावर साडी, हातात काठी. गावातली टवाळ पोरं म्हणायची, "काकू, बस चुकली व्हय?" काकू म्हणायच्या, "बसला म्हणावं, मी पुढं गेले."

निघायच्या आधी त्यांनी मला बरणीवरून सोडलं. "मशीन काय बॅगेत बसतंय व्हय?" असं म्हणत शिकेकाईनं धुतलं, आणि वास जाईपर्यंत उन्हात घातलं. असा मी, मित्रांनो, लोणच्याच्या बरणीवरून थेट विमानात बसलो.

उंचावरच्या एका गावात आम्ही आधी काही दिवस राहिलो. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. आमची वाटाडी नीलदा नावाची बाई होती. रुंद चेहरा, दोन वेण्या, डोक्यावर लोकरीची टोपी. ती तिच्या भाषेत बोलायची आणि आर्जव मध्ये दुभाषा. काहीही पिण्याआधी ती पहिला घोट जमिनीवर सांडायची. चंपाबाईंनी विचारलं तर म्हणाली, "धरणीचा." तेवढ्यावर दोघींचं जमलं. बटाट्याशिवाय तिथं कुणाचं पान हलत नाही आणि चंपाबाई कंदमूळ खात नाहीत, त्यामुळं सांगलीहून आणलेल्या दशम्या आणि शेंगांची चटणी यांवरच सगळा भार होता. नीलदानं चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आणलं आणि पुन्हा हात पुढे केला.

चढाईच्या दिवशी चंपाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली आणि आरशाकडं पाठ करून उभ्या राहिल्या. गाडीनं आम्ही डोंगराच्या कुशीतल्या एका ओढ्यापाशी पोचलो. पुढे पाणी नव्हतं, म्हणून भरायचं ते इथंच. सूर्य वर आला, तसं चंपाबाईंनी मला दुहेरी घातलं आणि पाणी गाळलं. नीलदानं तिच्या स्टोव्हवर ते उकळून बाटल्या भरल्या. इकडं चंपाबाईंनी मला उलटं करून झाकणाच्या एका छोट्या स्टीलच्या डब्यात जिवाणी उतरवली, डबा दगडावर ठेवला आणि मला पिळून खिशात घातलं. आता डबा घेऊन ओढ्याकडं वळणार, तोच बुटाची नाडी सुटली. त्या वाकल्या. एवढ्यात नीलदानं निघायची हाक दिली. नाडी बांधून वर पाहतात तो डबा दगडावर नव्हता. सगळं सामान बॅगांत गेलं होतं. त्यांना वाटलं, आपण सोडली जिवाणी. रोजची गोष्ट, हात ती करून जातो आणि डोक्याला कळतही नाही.

आम्ही चढू लागलो. पिवळं रखरखीत गवत, दुरून टक लावून पाहणारे लांब मानेचे प्राणी, मग नुसते दगड, मग दगडांत बर्फ. नीलदा सारखी "हळू, हळू" म्हणायची. आर्जव भराभर पुढे जायचा आणि छातीवर हात ठेवून उभा राहायचा.

"आरं, पूर्वरंग दमानं घ्यावा," चंपाबाई मागून म्हणायच्या. "तू गडी थेट आरतीला पळतोयस."

दोन डोंगरांमधल्या खिंडीत पोचलो तेव्हा माथा एवढा जवळ दिसला, की हात लांबवून शिवावा. चंपाबाईंचा चेहरा वाऱ्यानं तांबडा झाला होता आणि त्या मुलीसारख्या हसत होत्या. आर्जवनं बॅग उतरवली.

"आई, पाणी घे. हे डब्यातलं आधी संपव."

चंपाबाईंचं हसू तिथंच थांबलं.

"ह्यो डबा हितं कसा आला?"

"सकाळी दगडावर होता. तू विसरलीस म्हणून मी झाकण लावून घेतला. पाणीच आहे ना?"

चंपाबाई खाली बसल्या. "आर्जव, ह्यात जिवाणी हाय रं."

आर्जवनं डब्याकडं पाहिलं. लहानपणी हजारदा पाहिलेली गोष्ट तो विसरून गेला होता. मग तो म्हणाला, "बरं, मग इथंच ओत. बर्फ वितळलं की वाहत त्याच ओढ्याला जाईल."

"तिला इचार."

नीलदानं खिंडीच्या पलीकडं हात केला. इथलं पाणी त्या बाजूच्या खोऱ्यात उतरतं, ती म्हणाली. आमची वाटही माथ्यावरून तिकडंच उतरायची होती; गाडी वळसा घालून पलीकडं येणार होती. म्हणजे आज तो ओढा पुन्हा भेटणार नव्हता. आणि डबा असाच वर नेला तर गोठून त्याचा गोळा होणार होता.

"मी तुमच्या मुलाला घेऊन पुढे जाते, तुम्ही उतरा, असं करता येणार नाही," नीलदानं सांगितलं. "वर जायचं तर तिघांनी. उतरायचं तरी तिघांनी. आणि उतरलात तर आज पुन्हा वर येणं नाही."

"आई, ऐक," आर्जव चिडला होता. "वर्षभर चढलीस तू त्यासाठी. ह्या एवढ्याशा पाण्यात एक तरी जीव आहे याची खात्री आहे का तुला?"

"न्हाई."

"मग?"

"नसल्याची तरी कुठं हाय?"

त्या उठल्या. मित्रांनो, मी त्यांच्या खिशात होतो, म्हणून सांगतो. त्या उठल्या आणि माथ्याकडंच चालू लागल्या. हातात डबा. आर्जवनं सुटकेचा श्वास टाकला. पण थोडं वर जाऊन त्या थांबल्या आणि काठी खडकावर आपटली.

"ह्या डोंगराला आजच असा जवळ दिसायचं हुतं!"

आणि वळल्या. मला खिशातून काढून त्यांनी डब्याभोवती गुंडाळलं आणि स्वेटरच्या आत, पोटाशी धरलं. उतरताना सगळा वेळ मी डब्याला धरून होतो, आणि त्या आम्हा दोघांना. माझ्यातून गाळून गेलेल्या पाण्याची गणती नाही, पण एवढंसं पाणी उबेला धरायचं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

ओढ्याशी त्या गुडघ्यावर बसल्या. डबा पाण्याला टेकवला आणि कलता केला. आतलं पाणी नुसतंच बाहेर आलं आणि पाण्यात मिसळलं. दिसलं काहीच नाही. नीलदा शेजारी टोपी काढून उभी राहिली होती.

आर्जव दूर बसला होता. तिथूनच म्हणाला, "झालं समाधान?"

"समाधान कसलं डोंबलाचं? लय वाईट वाटतंय मला. वर जायचं हुतं मला." आणि चंपाबाई रडल्या. अगदी हमसून. मग मी हाताशी होतो तरी मला न घेता त्यांनी पदर शोधला. पदर नव्हता, म्हणून बाहीनं डोळे पुसले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "उद्या काय हाय?"

"उद्या? सामान भरायचं. परवा विमान."

"विमान परवा न्हवं? मग उद्या मोकळाच हाय की."

आर्जवला हसू आवरेना. "आई, पाय बघ तुझे, थरथरतायत."

"पायांचं मी बघते. तू तिला इचार."

नीलदानं चंपाबाईंच्या मनगटाची नाडी धरली, डोळ्यांत पाहिलं, चालून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "आल्या वाटेनंच उतरायचं. आणि मी वळा म्हटलं की वळायचं."

"वळते की," चंपाबाई म्हणाल्या. "वळायला मला येतंय, बघितलंस न्हवं आज?"

दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्यावर पाणी गाळून झालं, आणि चंपाबाई डब्याकडं हात करणार तोच आर्जवनं तो उचलला. बाह्या वर करून तो ओढ्यात वाकला आणि डबा पाण्याला टेकवून अलगद कलता केला. आईनं दुसरीकडं तोंड करून, न पाहिल्यासारखं करून, सगळं पाहिलं.

त्या दिवशी वारा फार होता. आदल्या दिवशीचे पाय आदल्या दिवशीच संपले होते. आजची चढण चंपाबाई कशावर चढल्या, ते मला सांगता येणार नाही. काठी, पाऊल, श्वास. काठी, पाऊल, श्वास. आर्जव आज त्यांच्या मागं होता आणि आईचं पाऊल उचललं की मगच आपलं उचलत होता. खिंड ओलांडली. तिच्यावरच्या घसरड्या दगडांत एकाएकी चंपाबाईंचा पाय सटकला. त्या हातावर पडल्या. तळहात चांगलाच फाटला. रक्त दगडावर टपटपू लागलं.

आर्जव बॅगेत पट्टी शोधू लागला, पण गारठ्यानं त्याची बोटं वळेनात. नीलदानं चंपाबाईंच्या खिशातून डोकावणारं माझं टोक पाहिलं आणि हात पुढे केला.

चंपाबाईंनी मला मुठीत धरलं. "हे पाण्याचं हाय," त्या म्हणाल्या.

मला कळलं त्यांना काय म्हणायचंय. ज्या कपड्याला रक्त लागलं तो पुन्हा घागरीवर बसत नाही. आर्जवलाही कळलं. चंपाबाईंनी दगडावरच्या थेंबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मीबी जीवच हाय की गं," त्या हळूच म्हणाल्या, आणि मला नीलदाच्या हातात दिलं.

तिनं मला घट्ट आवळलं. चंपाबाईंचं रक्त माझ्यात शिरलं आणि तिथंच थांबलं. एक थेंब खाली जाऊ दिला नाही मी. तेवढं मला येतं.

"वळायचं का?" आर्जवनं विचारलं. त्यानं नीलदाकडं पाहिलं. नीलदानं चंपाबाईंकडं पाहिलं, त्यांना बोटं हलवायला लावली, आणि मान वरच्या दिशेनं उडवली.

मित्रांनो, आम्ही माथ्यावर पोचलो. लोकांनी रचलेला दगडांचा एक ढीग, आणि चारी बाजूंना इतके डोंगर, की मोजायला बोटं पुरू नयेत. आर्जवनं फोन काढला.

"फोटू मागनं. आधी बसू दे."

त्या बसल्या. जखमी हात मांडीवर, डोळे मिटलेले. णमोकार मंत्र म्हणू लागल्या. एका श्वासात एक ओळ पुरी होईना. अर्धी ओळ, श्वास, उरलेली ओळ. नीलदानं बाटलीतला पहिला घोट दगडांवर सांडला आणि मग बाटली चंपाबाईंच्या ओठांना लावली. कीर्तन संपल्यावर माणसं जशी काही वेळ उठत नाहीत, तशी तिघंही तिथं बसून राहिली. शेवटी नीलदानंच उठवलं.

आज मी परत गावी आहे. मला पुष्कळ धुतलं, पण डाग तांबूस राहिलाच. घागरीवर आता नवा कपडा बसतो. निळ्या दिव्याचं यंत्र अजून भिंतीवर आहे. चंपाबाईंनी त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय. आणि मला? मला त्यांनी काठीच्या मुठीला गुंडाळून दोऱ्यानं शिवून टाकलंय. रोज सकाळी मी त्यांच्या त्याच तळहाताखाली दंडोबाला जातो.

मित्रांनो, माझ्यासारख्या कपड्याचं म्हणणं ते काय असणार? तुमच्या घरी पाणी गाळत असतील, नसतील. यंत्र असेल, नसेल. पण दुसऱ्याच्या घरचं काही तुमच्या डब्यात चुकून आलं असेल, एवढंसं, दिसतही नसेल असं, तर ते ज्याचं त्याला नेऊन द्या. वरून फेकू नका, खाली वाकून द्या. त्यासाठी अर्ध्या चढणीवरून उतरावं लागलं तर उतरा. वाईट वाटलं तर बाहीनं डोळे पुसा. आणि सकाळी बुटाच्या नाड्या घट्ट बांधून पुन्हा निघा. डोंगर कुठं जात नाही.